पेढीवरच्या संगणकाची नीट बैठक

आधी खुर्ची, मग बाकीचं. बाजारातलं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. बुटक्या माणसाचे खांदे त्यावर वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान आखडते. म्हणून कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत खुर्ची वर घ्या. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा, घरातला जेवणाचा चालतो. स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉप असेल तर खाली जुन्या खतावण्या रचा, पण कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्याच. खिडकी बाजूला हवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला कूलरशिवाय बसवत नाही. त्याचा झोत मात्र थेट तोंडावर नको, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर अर्ध्या तासाने उठून माठापर्यंत जाऊन या.