यलोमॅन: बॅलीकॅसलच्या जत्रेतली पिवळी मिठाई

उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिमच्या किनाऱ्यावर बॅलीकॅसल आहे. तिथे दर ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि मंगळवारी औल्ड लामास जत्रा भरते. घोडे-मेंढ्यांच्या सौद्यांसाठी ती जुनी प्रसिद्ध. खाण्यात दोन गोष्टी हव्याच: डल्स नावाचं वाळवलेलं जांभळट समुद्री शेवाळ आणि यलोमॅन. यलोमॅन म्हणजे पिवळी, जाळीदार, कडक मिठाई. मोठी लादी हातोडीने फोडून तिचे खडे विकतात.

साहित्य: गोल्डन सिरप (साखरेचा दाट, सोनेरी पाक, तयार मिळतो) ४५० ग्रॅम, ब्राऊन शुगर २२५ ग्रॅम, लोणी १ मोठा चमचा (शिगोशीग), व्हिनेगर २ मोठे चमचे, खाण्याचा सोडा १ छोटा चमचा. सोडा आधीच चाळून ठेवा. गुठळी राहिली तर ती तशीच मिठाईत जाते आणि तेवढा घास साबणासारखा लागतो. सिरपऐवजी काकवी घेऊ नका, रंग काळपट येतो आणि चवही बदलते.

पातेलं जाड बुडाचं आणि निदान ४ लिटरचं घ्या. पाक तळाशीच दिसेल, पण सोडा पडला की तो भराभर वर येतो. लोणी वितळवून पातेल्याच्या कडांना फिरवा. मग साखर, सिरप आणि व्हिनेगर घालून मंद आचेवर साखरेचा कण न् कण विरघळेपर्यंत ढवळा. पाक उकळायला लागला की चमचा बाहेर. नंतर ढवळलं तर साखर पुन्हा दाणेदार होऊ शकते.

खरी कसोटी पाकाची आहे. तापमापक असेल तर १५० अंश सेल्सिअस. नसेल तर वाटीभर गार पाण्यात थेंब टाका. बोटांत दबला तर पाक कच्चा आहे. चिक्कीच्या पाकासारखा टचकन मोडला पाहिजे. बहुतेकांचं इथेच बिघडतं: रंग आला म्हणून घाईने उतरवतात आणि मिठाई दातांना चिकटते. उलट १६० अंशांच्या पुढे गेला की जळकट, कडवट चव येते.

पातेलं उतरवून सोडा भुरभुरवा आणि चार-पाच वेळा झपाझप फिरवा. उष्णता आणि आंबटपणामुळे सोड्यातून वायू सुटतो, त्याचीच जाळी पडते. जास्त घोटलं तर बुडबुडे फुटून लादी बसते. फेस लगेच लोणी लावलेल्या ताटात ओता आणि ताट आपटू नका. पाक अंगावर उडाला तर चिकटून खोल भाजतो, म्हणून मुलांना लांब ठेवा.

घट्ट, रेशमी पोताची हवी असेल तर हाताला सोसेल इतपत निवल्यावर लोणी लावलेल्या हातांनी पाक ओढा, दुमडा, पुन्हा ओढा. रंग फिका पिवळा झाला की थांबा. जाळी हवी असेल तर हात लावू नका.

पूर्ण गार झाल्यावर बत्त्याने फोडा आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघडे खडे थोड्याच वेळात पाणावतात. डल्स मिळालं तर एक घास त्याचा, एक खडा याचा असं खाऊन बघा. खारट-गोड ही जोडी जत्रेतलीच आहे.