४८ व्होल्ट डीसी सॉलिड स्टेट ब्रेकर: शॉर्ट तोडताना मॉस्फेट जातो, त्यावर उपाय

लक्षण असे: ब्रेकर (यात करंट यांत्रिक संपर्काऐवजी मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर तोडतो) नेहमीचा लोड नीट चालू-बंद करतो, पण आउटपुटला शॉर्ट दिला की १०० व्होल्टचा मॉस्फेट ड्रेन-सोर्स (करंट वाहणारी त्याची दोन टोके) शॉर्ट होऊन बसतो. हीटसिंक वाढवला, दोन मॉस्फेट समांतर लावले, गेटचा (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या टोकाचा) रेझिस्टर वाढवला. काही फरक नाही. सहा मॉस्फेट जळाले, फार वैताग आला.

दोष बॅटरीच्या केबलमध्ये होता. तिचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) साधारण ६ मायक्रोहेन्री. २०० अँपिअर तोडताना तिच्यात ०.१२ ज्यूल ऊर्जा साठलेली असते, ती मॉस्फेटवर येते. शिवाय करंट शून्य होईपर्यंत बॅटरीही (भरलेली असताना ५४ व्होल्ट) ऊर्जा ओततच राहते. ९४ व्होल्टला क्लॅम्प धरला, म्हणजे व्होल्टेज त्यावर जाऊ दिले नाही, तर एकूण ०.२८ ज्यूल, तेही ३० मायक्रोसेकंदांत. हा हिशेब मी आधी केलाच नव्हता. ६०० वॅटचा छोटा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज अडवणारा) ९४ व्होल्ट धरतो तो जेमतेम ६ अँपिअरला.

आधी २० अँपिअरवर ड्रेन-सोर्समधला स्पाइक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) ऑसिलोस्कोपच्या डिफरन्शियल प्रोबने पाहिला. मग १५० व्होल्टचा मॉस्फेट घातला. त्यानंतर एकाच लॉटचे चार मोठे ५केपी५८ए टीव्हीएस समांतर, थेट ड्रेन-सोर्सच्या पॅडवर लावले. वायरने जोडू नका, दहा सेंटिमीटरनेही स्पाइक वाढतो. गेट रेझिस्टर मूळ किमतीवर आणला. शेवटी ५०, १००, २०० अँपिअर अशा चढत्या क्रमाने चाचणी. दोन शॉर्ट चाचण्यांच्या मधे टीव्हीएस थंड होऊ द्या.

स्पाइक आता ११० व्होल्टखाली राहतो. बंद अवस्थेतही मॉस्फेटमधून करंटची थोडी गळती असतेच, म्हणून दुरुस्तीसाठी मालिकेत साधा आयसोलेटर (हाताने तोडायचा स्विच) ठेवला आहे.