मांजर मान-डोकं खाजवतंय? आधी पिसवा बघा

पुण्यात पावसाळा लागला की मांजरांची खाज वाढते, आणि आपण लगेच खाण्याला दोष देतो. आधी बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाशी विंचरा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. कुत्र्याचं पिसवांचं औषध मात्र मांजराला कधीच लावू नका. त्यात बऱ्याचदा असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं.

पिसवा नाहीत, तरी बाराही महिने डोकं-मान ओरबाडणं चालू, सोबत उलट्या किंवा पातळ शी? मग खाण्याची शंका घ्या. मांजरांत बीफ, मासे आणि चिकन हे नेहमीचे संशयित. धान्य क्वचितच. रक्ततपासणीवर फार विसंबू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्वी कधी न खाल्लेल्या मांसाचं किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनं बारीक तुकड्यांत फोडलेलं) खाद्यच फक्त किमान 8 आठवडे द्या. खाज थांबली की जुनं खाणं पुन्हा देऊन बघा. खाज परतली तर चोर सापडला.

खरी अडचण वाड्यात नि सोसायटीत येते. खालच्या मजल्यावरच्या काकू प्रेमाने सुक्या बोंबलाचा एक तुकडा टाकतात आणि सगळी मेहनत पाण्यात! त्यांना आधीच सांगून ठेवा.