खापरपणजोबा मुंबईच्या पोलिसात होते म्हणतात, मग शोधायचं कसं?

आपल्या कोकणातल्या बऱ्याच घरांत म्हातारी माणसं सांगतात की आमचे अमुक आजोबा राणीच्या राज्यात मुंबईला पोलीस होते, निळा डगला पिवळी पगडी वगैरे. मग कोणीतरी नातू उठतो आणि थेट मुंबईचं ऑफिस गाठतो आणि हात हलवत परत येतो. तसं करू नका, आधी घर धुंडाळा.

पोटमाळा, पेटारा, देव्हाऱ्याच्या मागची फळी. पितळी बिल्ला, पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, काहीही चालेल. मनीऑर्डर आपल्याकडे 1880 ला सुरू झाली, म्हणजे पावती सापडली तर माणूस त्यानंतरही नोकरीत होता एवढं तरी कळतं. बिल्ला मिळाला तर कृपा करून चिंच लावून घासू नका!! आमच्याकडे दर दसऱ्याला घासघासून चकचकीत केला आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे सपाट झाले, मला अजून वाईट वाटतं. नंबर पुसट असेल तर रात्री लाईट बंद करून बॅटरी बाजूने आडवी धरा, खाचेत सावली पडते, मग फोटो काढा, किंवा वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवा.

कागद मोडीत असला तर जाणकाराला दाखवा. तारखेत शके असेल तर 78 मिळवा, शके 1815 म्हणजे साधारण 1893. हे साल बघून अंगावर काटा येतो कारण त्याच वर्षी 11 ऑगस्टला मुंबईत मोठा दंगा पेटला, शेवटी लष्कर रस्त्यावर आणावं लागलं, आणि आपला माणूस तेव्हा नोकरीत असेल तर त्याने ते दिवस डोळ्यांनी बघितले असणार. कागदावर फ्रँक साउटरचं नाव असेल तर काळ 1864 ते 1888, तो मुंबईचा पहिला पोलीस कमिशनर.

आडनावावर अडून बसू नका. तेव्हा बऱ्याचदा नुसतं "रामजी बिन धोंडू" असं लिहायचे, म्हणजे धोंडूचा मुलगा रामजी, त्यामुळे बापाचं आणि गावाचं नाव पक्कं करा. आणि सिंधुदुर्ग शोधू नका, तो जिल्हा 1981 चा, त्याआधी मालवण, देवगड रत्नागिरीतच, आणि सावंतवाडी तर इंग्रजांच्या काळात वेगळं संस्थान होतं.

अजून एक, यात लोक फार फसतात. मुंबई शहराचे पोलीस कमिशनरच्या हाताखाली, रत्नागिरी जिल्ह्याचे सुपरिटेंडेंटच्या, दोन्ही खाती वेगळी. आजोबा "पोलिसात" होते म्हणजे कुठल्या, हे आधी ठरवा, नाहीतर महिनाभर चुकीची दप्तरं उलटत बसाल.

एवढं झालं की मग मुंबई. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेखागार, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपून ठेवायची जागा आहे, ओळखपत्र घेऊन जा, अर्ज करा आणि ज्युडिशियल डिपार्टमेंटचे त्या सालचे खंड मागा, पोलिसांचा पत्रव्यवहार तिथेच. साध्या शिपायाचं नाव दर पानावर नाही भेटणार, दोनतीन दिवस हाताशी ठेवूनच जा.

आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, या मे महिन्यातच, चाकरमानी आलेले असतात तेव्हा, एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला आठवतं.