इंग्रजीत गेलेल्या शब्दाचा माग कसा काढावा

मोर्शी-वरूडच्या संत्र्याला फळशास्त्राच्या इंग्रजी लिखाणात 'नागपूर मँडरिन' म्हणतात. हा मँडरिन म्हणजे आपला मंत्री. संस्कृत 'मंत्रिन्' मलय भाषेत 'मंतेरी' झाला. पोर्तुगिजांनी तो उचलून चिनी दरबारातल्या अधिकाऱ्याला 'मांदारिं' म्हटलं, आणि पुढे ते नाव चीनकडच्या या फळालाही चिकटलं. दुसरं नाव 'ऑरेंज'. तेही 'नारंग'पासून निघून फारसी, अरबी आणि दक्षिण युरोपातल्या भाषांमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचलं. असे माग शाळेत किंवा गावच्या वाचनालयात बसून काढता येतात. एक फोन आणि एक जाड वही पुरते.

वही आडवी धरून सहा रकाने पाडा: इंग्रजी शब्द, त्याचं सर्वांत जुनं स्पेलिंग आणि साल, देणारी भाषा, मधले हात, तेव्हाचा अर्थ, आजचा अर्थ. सालाचा रकाना आधी भरा. बहुतेक जण उच्चारातल्या सारखेपणापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

साल काय काम करतं ते पाहा. 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला, असं सर्रास सांगितलं जातं. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले. बाबर 1530 मध्ये वारला आणि त्याच्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये 'संगतरा' आहे. मलबारच्या किनाऱ्यावरून एखादा शब्द उत्तरेत जाऊन रुळायला मधली तीस-बत्तीस वर्षं फार थोडी. त्यामुळे सिंत्र्याची गोष्ट कच्ची ठरते.

ऑरेंजचीही अशीच एक चूक फिरते. इंग्रजीत आधी 'अ नॉरेंज' होतं, त्याचं 'अॅन ऑरेंज' झालं, असं शिकवतात. इंग्रजीत तो 'न' कधी आलाच नाही, तो वाटेतच, युरोपातल्या आधीच्या भाषांमध्ये गळला होता. वहीत मधल्या हातांचा रकाना रिकामा ठेवला की अशा चुका होतात.

दुसरी चाळणी उसन्या शब्दांची आणि भावंडांची. दंत आणि टूथ, दश आणि टेन, द्वि आणि टू या जोड्यांत संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' आहे, तोही ठरलेल्या नियमाने. म्हणजे हे शब्द एकमेकांकडून घेतलेले नाहीत, एकाच मूळ भाषेची लेकरं आहेत. उसन्या शब्दात अशी पद्धतशीर अदलाबदल दिसत नाही: डकैतचं 'डकॉइट' झालं तरी 'ड' तसाच राहिला. मोबाइलवर फिरणारं 'नवगती म्हणजे नेव्हिगेशन' या चाळणीत टिकत नाही. तो शब्द लॅटिन आहे, जहाज आणि हाकणं या दोन शब्दांचा. आपला 'नौ' त्यातल्या जहाजाचा भाऊ, बाप नव्हे.

मग वाट शोधा. शब्द बहुधा बंदरावरून चढतो, रानातून नाही. आलापल्लीच्या सागाला इंग्रजीत 'सागा'चं नाव मिळालं नाही. 'टीक' हा मल्याळम 'तेक्क', पोर्तुगीज 'तेका'मधून आलेला, कारण व्यापार मलबारच्या किनाऱ्यावर होता. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारं कोणी भेटलं तर सागाला काय म्हणता ते विचारा. 'टेकु' ऐकू येईल, ते या मल्याळम शब्दाचंच भावंड. माहीतगार माणसाचं उत्तर त्याच दिवशी, त्याच्या उच्चारात लिहून घ्या.

मराठीने थेट दिलेला शब्द हवा असेल तर 'मुंगूस' घ्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो छापील इंग्रजीत दिसतो. त्यातल्या 'गूस'चा बदकाच्या जातीतल्या गूसशी काही संबंध नाही. म्हणून अनेकवचन 'मंगूसेस', 'मंगीस' नाही. मुलांना हे मूळ आधी सांगा, अनेकवचन आपोआप बरोबर येतं.

सगळ्यात जास्त वेळ अर्थाला द्या. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडी, कमी पाण्याची, विरळ झाडांची जमीन. आयुर्वेदात तिच्या उलट 'आनूप', म्हणजे पाणथळ मुलूख. पुढे 'जंगल' म्हणजे पडीक, झाडोऱ्याने भरलेली जागा झाली आणि इंग्रजीत जाऊन ती दाट, ओलसर, अंधारी बनली. आज गडचिरोलीच्या रानाला आपण जंगल म्हणतो तेव्हा मूळ अर्थ जवळजवळ उलटलेला असतो. अर्थ जुळत नाही म्हणून शब्द टाकून देऊ नका. अर्थ कोणत्या पायरीवर वळला ते लिहा.

साधनं दोन, दोन्ही नेटवर फुकट. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात आजचं लेखन टाकलं तर शब्द सापडत नाही. तेव्हा नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटी अनुस्वार असे, म्हणून 'टाकं' हे 'टांकें' असं शोधा. दुसरं, 1886 मध्ये निघालेला यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या शब्दांचा कोश. (हे नाव म्हणजे मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांनी ऐकलेलं रूप.) तिथे शब्द जुन्या स्पेलिंगखाली असतात. त्यातले जुने उतारे आणि सालं फार मोलाची, पण व्युत्पत्ती दीडशे वर्षांपूर्वीची, म्हणून ती आजच्या कोशाशी ताडून घ्या.

दोन मुळं निघाली तर एक खोडू नका. 'टँक'मध्ये गुजराती-मराठी टाकं आणि पोर्तुगीज 'तांके' दोन्ही मिसळले आहेत. दोन्ही लिहा.

सुरुवात गोणीपासून करा: कापूस बाजारात रोज दिसणारी, इंग्रजीत 'गनी', वाट सरळ. मग साग, मग जंगल. घूस शेवटी ठेवा. तिचा इंग्रजी 'बँडिकूट' तेलुगू 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, यातून आला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच, पिशवीवाल्या प्राण्याला लागला. तिथे आजच्या अर्थाच्या रकान्यात दोन नोंदी करा, एक आपल्या घुशीची, एक त्या प्राण्याची.