हिवाळ्यासाठी लोकरीचा बंद गळपट्टा कसा विणावा

खानदेशातली थंडी दिवसभराची नसते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगात साधा सदरा पुरतो आणि पहाटे धुळ्यात पारा दहा अंशांच्या खाली, काही वर्षी पाच-सहापर्यंत उतरतो. सातपुड्यात तोरणमाळला तर विचारूच नका. रात्रपाळीच्या विजेवर गहू-हरभऱ्याला पाणी भरणारा, पहाटे दूध घेऊन मोटारसायकलवर निघणारा, शाळेच्या रिक्षात बसलेले पोर, या सगळ्यांचा गळाच आधी गारठतो. मफलर आहेच, पण त्याची लोंबणारी टोके गाडीच्या साखळीत, चाकात किंवा कुट्टी मशीनच्या पट्ट्यात अडकली तर जिवावर बेतते. म्हणून घरच्या माणसासाठी पहिल्यांदा काही विणायचे असेल तर मी मफलर नाही, बंद गळपट्टा विणायला सांगेन. डोक्यातून घालायचा, मोकळे टोक नाही, हवा तेव्हा नाकापर्यंत ओढता येतो आणि ऊन चढले की घडी करून खिशात जातो.

लोकर

दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. ती वाईट नाही. स्वस्त, मऊ, धुतल्यावर लवकर वाळते. पण तिला आगीचे भय आहे. ती वितळून कातडीला चिकटते, म्हणून शेतात शेकोटीला बसणाऱ्याने किंवा भरितासाठी कपाशीच्या काड्यांचा जाळ करणाऱ्याने ॲक्रिलिकचा गळपट्टा आधी काढून ठेवावा. खरी मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही आणि दवाने ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

आपल्याकडे साक्रीच्या बाजूला ठेलारी मेंढपाळांचे कळप दिसतात, तेव्हा तीच लोकर का नको असे वाटेल. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगडीला ती उत्तम, पण गळ्याच्या नाजूक कातडीला खाजते. धागा घेताना तो गालाला नाही, गळ्याला लावून पाहा.

एका मोठ्या माणसाच्या गळपट्ट्याला १०० ते १५० ग्रॅम लोकर लागते. एकाच वेळी, एकाच रंगाची, वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून घ्या, नाहीतर मध्येच छटा बदललेली दिसते. धागा बारीक असेल तर दोन पदर एकत्र धरून विणा. रंग गडद घ्या; काळ्या मातीत आणि धुरळ्यात पांढरा टिकत नाही.

सुया आणि नमुना

सहा नंबरच्या, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या दोन लांब सुया घ्या. आपल्या बाजारात सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात विसरू नका. गोल विणायची वायरची सुई असेल तर शिवण वाचते, पण नवख्या हाताला दोन सुया बऱ्या.

आधी २२ टाक्यांचा छोटा चौकोन एक ओळ सुलट (समोरून सपाट दिसणारा टाका), एक ओळ उलट (समोरून गाठ दिसणारा टाका) असा विणून पाहा. त्यात १० सेंटीमीटरमध्ये साधारण १८ टाके बसायला हवेत. २० च्या वर बसले तर हात घट्ट आहे, जाड सुई घ्या; १६ च्या खाली बसले तर बारीक. हा अर्धा तास घालवायचा कंटाळा करू नका.

टाके घालणे

सुईवर १०२ टाके घालायचे. धाग्याचे शेपूट दोन-अडीच मीटर सोडा, म्हणजे शेवटच्या दहा टाक्यांना धागा अपुरा पडून सगळे उसवावे लागणार नाही. दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक सुई हलकेच ओढून काढा. कड सैल राहते. ती घट्ट झाली तर गळपट्टा डोक्यातून जाणार नाही, आणि वरची वीण कितीही सुंदर असली तरी काही उपयोग नाही.

वीण

पूर्ण गळपट्टा दोन सुलट, दोन उलट अशा पट्ट्यांच्या विणीत करायचा. ही वीण रबरासारखी ताणते आणि परत आखडते, त्यामुळे गळ्याला बसते. तिच्या उंच-खोल घड्यांत हवा अडकून राहते आणि ऊब खरे तर त्या हवेची असते.

पहिली ओळ: दोन सुलट, दोन उलट असे करत जा, शेवटी दोन सुलट उरतील. दुसरी ओळ: दोन उलट, दोन सुलट, शेवटी दोन उलट. पुढे याच दोन ओळी. पाठ करायची गरज नाही, समोर दिसेल तसे विणा. तुमच्याकडे तोंड करून कणसाच्या लोंबीसारखे टोकदार टाके दिसले तर सुलट, आडवी गाठ दिसली तर उलट.

नवख्याचा घोळ इथे होतो. सुलट विणताना धागा सुईच्या मागे हवा, उलट विणताना पुढे, आणि तो मागे-पुढे न्यायचा दोन सुयांच्या मधून. सुईवरून नेला की एक जादा टाका तयार होतो आणि खाली भोक पडते. म्हणून पहिल्या दहा ओळींत प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. १०३ निघाले तर तिथेच थांबून त्या ओळीत सुईवर आडवा पडलेला धागा शोधा आणि सोडवा. चार ओळी पुढे गेल्यावर हेच काम दुप्पट होते.

टाका खाली निसटला तर घाबरू नका. तो शिडीसारखा खाली जातो, पण क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर ओढून परत सुईवर घेता येतो. नवा गोळा जोडायचा तो नेहमी ओळीच्या सुरुवातीला, मध्ये नाही. टोके पुढे शिवणीत लपतात.

२६ सेंटीमीटर उंची होईपर्यंत विणा, साधारण ६० ओळी. नाक झाकायचे असेल तर आणखी दहा ओळी वाढवा. दुचाकीवाल्याला त्या हव्याच असतात.

बंद करणे आणि शिवणे

टाके बंद करतानाही वीण सोडू नका: सुलटावर सुलट, उलटावर उलट विणून मागचा टाका पुढच्यावरून टाकत जा. उजव्या हातात एका नंबराने जाड, म्हणजे पाच नंबरची सुई धरा. मग वरची कड हातांनी ताणून पाहा. ती ६० सेंटीमीटरपर्यंत सहज यायला हवी, नाही आली तर लगेच उसवून पुन्हा सैल बंद करा.

शिवायला बोथट टोकाची मोठी सुई घ्या. दाभणाचे टोक धागा फाडते. दोन्ही उभ्या कडा सरळ बाजू, म्हणजे कडेला दोन सुलट टाके दिसतात ती, वर ठेवून शेजारी-शेजारी मांडा. प्रत्येक बाजूच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मध्ये आडवे दांडे दिसतात. एकदा डावीकडचा दांडा, एकदा उजवीकडचा, असे उचलत चार-पाच झाल्यावर धागा हलकेच ओढा. कडेचा एकेक टाका आत वळतो, उरलेले दोन सुलट टाके मिळून पट्टी पूर्ण होते आणि शिवण कुठे आहे ते सापडत नाही. दोन जादा टाके घेतले ते यासाठी. दोन पदर एकत्र विणले असतील तर शिवायला एकच पदर वापरा, म्हणजे आत गाठोडे होणार नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ९० टाके आणि २० सेंटीमीटर उंची पुरे. पाच वर्षांच्या आतल्याला ८२. लहान मुलाला तो घालून झोपवू मात्र नका.

धुणे

कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, न मुरगळता, नुसते दाबून पाणी काढा. तारेवर टांगल्यास लांबतो, म्हणून खाटेवर सावलीत पसरा. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवली तर विणीच्या उंच-खोल घड्या कायमच्या सपाट होतात आणि ऊबही जाते. होळीच्या सुमारास पेटीत ठेवण्याआधी मात्र धुतलाच पाहिजे, कारण खऱ्या लोकरीला लागणारी कसर घामट जागीच आधी लागते. पूर्ण वाळल्यावर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत पिशवीत घट्ट बांधून ठेवा.