मोटर चालू शे का? कायनेज काम करतंय का, हे वेबवरच्या टूलनं कसं ओळखायचं

अमळनेरजवळच्या आमच्या गावात थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. वडील बारा-एकला उठतात आणि अंगणातूनच शेजारच्या मळ्याकडे हाक मारतात, "मोटर चालू शे का रे?" डीपीकडे, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे, कुणी बॅटरी मारून बघत नाही. लाइट असो-नसो, डीपी खांबावर सारखीच दिसते. तिच्यावरच्या चार मोटारी पाणी ओढताहेत ना, मग डीपीत जीव आहे.

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. एमएस्सीच्या मुलांना कायनेजच्या ॲक्टिव्हिटीचा हिशेब शिकवताना दरवर्षी इथूनच सुरुवात करते. कायनेज म्हणजे एटीपी या पेशीच्या इंधनावरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर लावणारं एन्झाइम. माणसातली अशी 518 कायनेज 2002 साली मोजून यादीबद्ध झाली. पेशीत एखादं कायनेज किती आहे यावरून ते काम करतंय का, हे कळत नाही. म्हणून त्याचे सबस्ट्रेट बघायचे, म्हणजे ज्या प्रथिनांवर ते फॉस्फेट लावतं ती प्रथिनं. त्यांच्यावरचे फॉस्फेट एकदम उतरले असतील तर वरचं कायनेज बसलं, म्हणजे थंडावलं, असं धरायचं.

हा हिशेब मी केएसईए ॲपवर करून घेते. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या मंडळींनी ते 2017 मध्ये आणलं. ब्राउझरमध्ये उघडतं, आर ही प्रोग्रामिंगची भाषा येत नसली तरी अडत नाही.

कुठल्या प्रथिनावर कुठं फॉस्फेट आहे, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रानं मोजतात. तसा स्वतःचा डेटा आमच्याकडे कुठला! प्राइड नावाच्या सार्वजनिक भांडारातून कुणीतरी केलेला प्रयोग उतरवून घ्यायचा. पहिल्या वेळी असाच प्रयोग निवडा ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. मी मेक इनहिबिटर, म्हणजे मेक हे कायनेज बंद पाडणारं औषध, दिलेल्या पेशींचा घेते. मेक हे ईआरके या दुसऱ्या कायनेजला चालू करतं. तिथं ईआरके खाली आलं नाही तर चूक माझी, औषधाची नाही.

आता फाइल. सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि नव्वद टक्के रडारडही इथलीच. मॅक्सक्वांट या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सॉफ्टवेअरनं काढलेली 'फॉस्फो एसटीवाय साइट्स' ही टेक्स्ट फाइल घ्या. त्यात 'रिव्हर्स' आणि 'पोटेन्शियल कंटॅमिनंट' या रकान्यांत अधिकचं चिन्ह असलेल्या ओळी आधी उडवा. मग 'लोकलायझेशन प्रॉब' 0.75 पेक्षा कमी असलेल्या काढा. या आकड्याचा अर्थ असा, की फॉस्फेट प्रथिनातल्या नेमका याच सेरीन या अमिनो आम्लावर आहे की दोन घरं पुढच्या थ्रिओनिनवर, याची यंत्राला किती खात्री आहे. खात्री नसेल तर ती ओळ चुकीच्या कायनेजच्या नावावर जमा होते.

उरलेल्यातून सहा रकान्यांची सीएसव्ही करायची: प्रोटीन, जीन, पेप्टाइड, रेसिड्यू डॉट बोथ, पी आणि एफसी, याच क्रमानं. शीर्षकं अर्थातच रोमन लिपीत आणि स्पेलिंग तंतोतंत. मी इथं आपलं देवनागरीत लिहितेय. 'रेसिड्यू डॉट बोथ' मध्ये एस473 किंवा टी308 असं अक्षर आणि क्रमांक जोडून येतं. एका पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या एका तुकड्यावर, दोन जागा असतील तर मध्ये अर्धविराम. 'पी' मध्ये पी-व्हॅल्यू येते, म्हणजे बदल निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता. ती काढलेली नसेल तर रकाना रिकामा ठेवू नका, 'नल' हा शब्द लिहा.

एफसी म्हणजे फोल्ड चेंज, किती पट बदल झाला तो आकडा. तो साधा द्यायचा, लॉग काढलेला नाही. हे मी एवढं ठासून सांगतेय कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच लॉगचे आकडे टाकले होते. टूल आत पुन्हा लॉग काढतं. दुप्पट झालेल्या जागेचा लॉग 1, आणि 1 चा पुन्हा लॉग काढला की शून्य. म्हणजे दुपटीनं वाढलेली जागा 'काहीच बदल नाही' म्हणून बसली. कमी झालेल्या जागा तर उणे, आणि उणे आकड्याला लॉगच नसतो. तरी आलेख निघाला, छान लाल-निळा. मी तो दोन दिवस खरा मानला, एका विद्यार्थिनीला प्रेझेंटेशनमध्येही टाकू दिला. तिनंच विचारलं, "मॅडम, औषध मेकचं आणि ईआरके जागचं हललंच नाही, असं कसं?" मग मी फाइल उघडली.

दुसरा चोर एक्सेल. सेप्ट2 हे जीनचं नाव तो परस्पर 2 सप्टेंबर करून टाकतो. याच त्रासापायी 2020 मध्ये जीनच्या नावांच्या समितीनं सेप्टचं सेप्टिन केलं, पण जुन्या डेटात जुनी नावं आहेतच. फाइल उघडताना तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून आयात करा, आणि शेवटी जीनच्या रकान्यात तारखा शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

अपलोड केल्यावर टूल विचारतं, सबस्ट्रेटची यादी कुठली घेऊ? फक्त फॉस्फोसाइटप्लस या डेटाबेसची, की नेटवर्किन या संगणकी टूलचे अंदाजही जोडू? नवशिक्यानं पहिली घ्यावी. तिच्यातली नाती प्रयोगानं दाखवलेली असतात. एक लक्षात असू द्या, टूलसोबतची ही यादी जुलै 2016 ची आहे. त्यानंतर सापडलेले सबस्ट्रेट तिच्यात नाहीत. सबस्ट्रेटची किमान संख्या मी 5 ठेवते. बाकी बटणं जशी आहेत तशी राहू द्या.

मग आलेख येतो. लाल पट्ट्या चढलेल्या, निळ्या उतरलेल्या, काळ्या म्हणजे ठाम काही सांगता येत नाही. पट्टीची लांबी म्हणजे झेड-स्कोअर, आणि तो एकदा तरी हातानं काढावा. माझ्या वर्गात कॅल्क्युलेटरवर काढल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ देत नाही. समजा एका कायनेजचे 9 सबस्ट्रेट डेटात सापडले, त्यांच्या लॉगची सरासरी उणे 1.2. सगळ्या डेटाची सरासरी 0, स्टँडर्ड डेव्हिएशन 0.9. दोन सरासरींतला फरक गुणिले सबस्ट्रेटच्या संख्येचं वर्गमूळ, भागिले 0.9. उणे 1.2 गुणिले 3 भागिले 0.9, म्हणजे उणे 4. आता तीच सरासरी, पण सबस्ट्रेट 4 च (5 ची अट हिशेबापुरती बाजूला ठेवा). उत्तर येतं उणे 2.67. कायनेज तेवढंच बसलेलं असेल, पण साक्षीदार कमी म्हणून पट्टी आखूड. दोन कायनेजच्या पट्ट्या शेजारी ठेवून 'हे जास्त बसलं' म्हणणारे इथंच फसतात.

मेकच्या डेटात पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात की आलेखात मेक कुठंय? औषध तर त्याच्यावरच आहे! मेकचे माहीत असलेले सबस्ट्रेट मोजकेच, मुख्यतः ईआरके-1 आणि ईआरके-2. किमान 5 ची अट लावली की मेक चाळणीतून गळतं. दिसतं ते त्याच्याखालचं ईआरके, कारण त्याचे सबस्ट्रेट भरपूर. डीपीवर दोनच मोटारी असतील तर डीपी अंदाजात येत नाही, तसंच हे. आणि नावांचा घोळ आधीच सांगून ठेवते: टूलमध्ये ईआरके अशी पट्टी नसते. मॅपके-1 म्हणजे ईआरके-2 आणि मॅपके-3 म्हणजे ईआरके-1. हो, आकडे असेच उलटसुलट आहेत, मी काही करू शकत नाही.

आलेख बघून टॅब बंद करू नका. टूल आणखी दोन फाइली देतं. एकीत प्रत्येक कायनेजचा स्कोअर, सबस्ट्रेटची संख्या आणि एफडीआर (निकालांत खोटे किती निघतील त्याचा अंदाज); दुसरीत कुठल्या कायनेजच्या खात्यावर कुठल्या जागा धरल्या, ती यादी. माझ्या दृष्टीनं खरा माल या दुसऱ्या फाइलीत आहे. एकेटी, एसजीके आणि एस6के या तीन कायनेजना आवडणारा अमिनो आम्लांचा क्रम जवळजवळ सारखा, दोन आर्जिनीन आणि मग थोडं पुढं सेरीन किंवा थ्रिओनिन. त्यामुळे एकाच जागेवर दोघा-तिघांचा दावा असतो. आमच्याकडे एकाच मोटारीला दोन डीपींवरून आकडा टाकलेला असतो, तेव्हा मोटर कुणामुळं चालली हे वायरमनलाही सांगता येत नाही. यादीत एकेटीच्या आठ जागांपैकी सहा जागा एसजीकेच्याही निघाल्या, तर निष्कर्षात दोघांचीही नावं लिहा. आणखी एक, फॉस्फेट उतरला की अख्खं प्रथिनच कमी झालं, हेही बघायला हवं. त्याच प्रयोगात एकूण प्रथिनांचा डेटा असेल तर त्यानं वजावट करून मगच एफसी काढा.

चित्र हवं असेल तर स्कोअरची फाइल घेऊन कोरलवर जा. कायनेजच्या वंशवृक्षावर रंग भरणारं हे टूल 2018 चं. दोन रकाने पेस्ट करायचे, नाव आणि झेड-स्कोअर. नावं एचजीएनसीची, म्हणजे जीनच्या नावांच्या त्याच समितीची, असल्याचं निवडा, फांद्यांचा आणि ठिपक्यांचा रंग आकड्यावरून ठरवा, एसव्हीजी उतरवा. रंगाची खालची-वरची मर्यादा दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर शून्य स्कोअरची फांदीही फिकट लाल दिसते आणि परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात.

एवढं करूनही डेटातल्या बहुतेक जागा हिशेबाबाहेर राहतात. माणसातल्या फॉस्फेटच्या माहीत असलेल्या जागांपैकी 5 टक्क्यांहूनही कमी जागांचं कायनेज ठाऊक आहे. उरलेल्यांसाठी कायनेज लायब्ररी आहे, फॉस्फोसाइटप्लसवरच. सेरीन-थ्रिओनिनच्या 303 कायनेजना कुठला क्रम आवडतो हे प्रयोगशाळेत मोजून 2023 मध्ये ती आली. तुमच्या जागेच्या आजूबाजूचा क्रम दिला की कुठलं कायनेज जास्त जुळतं ते क्रमवारीनं सांगते. पण जुळणं म्हणजे पेशीत भेट झालीच असं नाही. मी पहिल्या नावावर कधीच थांबत नाही, वरची दहा-पंधरा बघते आणि त्या पेशीत नसलेली खोडते.

रावेरचा एक मुलगा यंदा विचारत होता, केळीच्या मुळांचा फॉस्फो-डेटा यात चालेल का? घरची केळी, त्यामुळे प्रश्न मनापासून होता. नाही चालणार, ही सगळी यादी माणसाच्या कायनेजची आहे. वनस्पतींचं घराणंच वेगळं, प्रयोगशाळेत वापरतात त्या अरॅबिडॉप्सिस या एकट्या रोपामध्ये रिसेप्टरसारखी कायनेज सहाशेहून अधिक. टूल कदाचित नावं जुळवून दोन-चार पट्ट्या काढूनही देईल, पण त्या घेऊन माझ्याकडे येऊ नकोस, असं त्याला सांगितलं. सध्या तो केळीच्या जीनोममधली कायनेज मोजत बसलाय.